मुद्रापट

जाई जन्मली तेव्हा ऋजुताचा चेहरा चांगला धडधाकट होता. अकराव्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या दोन्ही कडांनी गळून ब्लाउजवर सांडलं. तिने आरशात पाहिलं. कपाळ, गाल, ओठ, सगळं झोपलेल्या माणसासारखं सैल पडलं होतं. डोळे मात्र उघडे होते, आणि मिटू म्हटलं तर मिटत नव्हते.

मिरजेतच घर असल्यामुळे तासाभरात ती मोठ्या रुग्णालयात होती. चेहरा हलवणाऱ्या दोन नसा असतात, एकेका कानामागून येणाऱ्या. एका बाजूची नस सुजलेले रुग्ण डॉक्टरांना नेहमी दिसत आणि बहुतेक बरे होत. हिच्या दोन्ही सुजल्या होत्या. बाळंतपणात आलेला बारीक ताप त्याला कारण असावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. तीन महिने औषधं झाली. शेवटी चाचणी झाली तेव्हा दोन्ही नसांचे तंतू मेलेले निघाले.

बारसं पंधरा दिवस पुढे गेलं होतं. नाव ठरलं होतं भूमी. पण 'भ' आणि 'म' ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ऋजुताने दोनदा प्रयत्न केला आणि मग कागदावर लिहून नवऱ्याला, निषादला, सांगितलं की मला हाक मारता येईल असं नाव ठेव. म्हणून मुलगी जाई झाली.

ऋजुता दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, तोंडात गेल्यावर कुणाला कळू नये असं काम करायचं. निषाद सांगलीला पाणीपुरवठ्याच्या सौरपंपांची देखभाल बघायचा. दोघांचं प्रेमाचं लग्न होतं. ऋजुता पटकन हसायची, पटकन चिडायची, आणि दोन्ही गोष्टी तिच्या चेहऱ्यावर आधी दिसत आणि तोंडातून नंतर येत. निषाद मित्रांना सांगायचा की आमच्या घरात हवामानाचा अंदाज भिंतीवरच लावलेला असतो.

सहाव्या आठवड्यात जाई हसली. ऋजुता मनातून हसली, पण तिच्या गालांना ते कळलं नाही. जाईने थोडा वेळ वाट पाहिली, पुन्हा हसून पाहिलं, आणि मग मान वळवली. दहाव्या आठवड्यापर्यंत ती आईकडे पाहून हसेनाशी झाली. बापाकडे पाहून हसे, पंख्याकडे पाहून हसे.

रुग्णालयातल्या बालविकास विभागात डॉ. फातिमा मुजावर होत्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी जाईला आईसमोर बसवलं आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहिल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. मूल जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ भावना म्हणण्यासारखं फार थोडं असतं. बरं वाटतंय किंवा बरं वाटत नाही, एवढंच. राग, भीती, आनंद हे वेगळे वेगळे होतात ते नंतर, आणि एकट्याने होत नाहीत. मूल ओठ हलवतं, आई ओठ हलवते. मूल दचकतं, आईच्या भुवया वर जातात. आपल्या आत जे चाललंय ते बाहेर कुणाच्या तरी तोंडावर दिसतं, तेव्हा त्याला कळतं की आपल्या आत काहीतरी आहे. प्रयोगात आयांना मुद्दाम दोन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायला सांगतात. मुलं आधी हसून बघतात, मग ओरडतात, हात पसरतात, आणि शेवटी अंग टाकून दुसरीकडे बघतात.

"ती दोन मिनिटांची गोष्ट असते," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची रोजची आहे. पण तुमचा आवाज आहे, हात आहेत. त्यावरही मूल वाढतं. वेळ लागेल."

ऋजुताने विचारलं, किती. डॉक्टरांनी ते सांगता येणार नाही असं सांगितलं.

मुद्रापटाबद्दल निषादने ऐकलं ते त्याच सुमारास. भाजलेल्या आणि लकवा झालेल्या माणसांसाठी पुण्याच्या एका कंपनीने तो नुकताच बाजारात आणला होता. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ, त्वचेच्या रंगाचा पडदा. आत केसाहून बारीक धागे, वीज लागली की स्नायूंसारखे आखडणारे. रुग्णाचे जुने व्हिडिओ घेऊन त्याचीच हसण्याची, रागावण्याची ढब त्या धाग्यांना शिकवलेली. कानामागे दोन टिकल्या लावायच्या. मेंदू चेहऱ्याला जो हुकूम सोडतो तो मेलेल्या नसेपर्यंत पोहोचण्याआधीच या टिकल्या ऐकतात आणि पडद्याला देतात.

अडचण एकच होती. हुकूम ऐकून तो समजायला यंत्राला जवळजवळ एक सेकंद लागायचा. मोठ्या माणसांना ते फारसं खटकत नाही. पण तान्ह्या मुलाला आईचं हसू एक सेकंद उशिरा आलेलं लगेच कळतं. ते हसू त्याला आपलं वाटतच नाही. म्हणून कंपनीने पडद्याच्या कपाळावर मोहरीएवढा कॅमेरा बसवला. तो समोरच्या बाळाचा चेहरा बघतो, बाळाला आता काय हवंय याचा अंदाज बांधतो, आणि तो भाव लगेच दाखवतो. आईचा खरा हुकूम मागून येऊन त्यात मिसळतो. किती अंदाजाचं आणि किती आईचं, ते फोनवर कमीजास्त करता येत असे.

डॉ. मुजावरांना ते पटलं नाही. आई आणि मूल यांचं अर्ध्याहून जास्त वेळा जुळतच नाही, असं त्यांनी सांगितलं. मूल हसतं तेव्हा आई स्वयंपाकाच्या विचारात असते. मूल किरकिरतं, आईला वाटतं भूक, असते झोप. मग दोघं पुन्हा जुळवून घेतात. त्या बिनसण्यातून आणि सावरण्यातूनच मूल शिकतं की वाईट वाटणं संपतं, आणि ते संपवायला आपणही काही करू शकतो. शेवटी त्या म्हणाल्या की वापरायचाच असेल तर दिवसातून दोन तास वापरा, आणि अंदाज कमीत कमी ठेवा.

जाई चार महिन्यांची असताना ऋजुताने पट पहिल्यांदा लावला. जाईने पाहिलं, थांबली, हसली. पट हसला. जाईने पाय झाडले. पंधरा मिनिटं ती हसत होती आणि ऋजुताचे खरे डोळे पटाच्या भोकांतून वाहत होते.

दोन तासांचे चार झाले, मग सकाळी उठल्यापासून जाई झोपेपर्यंत. अंदाज वीस टक्क्यांवर होता. निषादने तो एका रविवारी ऐंशीवर नेला, आणि त्या दिवशी जाई खदखदून हसली, आयुष्यात पहिल्यांदा. ऋजुताने तो खाली आणला नाही. कवळी लावणारे रुग्ण तिला सांगायचे की पंधरा दिवस तोंडात काहीतरी परकं आहे असं वाटतं, सोळाव्या दिवशी विसरायला होतं. तिलाही विसरायला झालं.

एकदा तिचं आणि निषादचं भांडण झालं. त्याने तिला न विचारता त्याच्या भावाच्या लग्नात बाळाला घेऊन चार दिवस राहायचं कबूल केलं होतं. ऋजुता मनापासून रागावली होती. पण जाई तिच्या मांडीवर खेळत होती आणि पट जाईला उत्तर देत होता, त्यामुळे ती बोलत होती तेवढा वेळ तिचा चेहरा कौतुकाने फुललेला होता. निषादने ऐकून घेतलं आणि हसून विचारलं, "तू खरंच चिडलीयेस का?" लग्नाला ते गेले.

आठव्या महिन्यात मुलं अनोळखी माणसाला घाबरू लागतात. आपली कोण आणि परकी कोण हे तेव्हा ठरतं. पट रोज धुवावा लागे, तो ऋजुता जाई दुपारी झोपली की न्हाणीघरात धूत असे. एका दुपारी जाई लवकर उठली. ऋजुता तशीच धावली, तिला उचललं. जाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि श्वास कोंडून किंकाळी फोडली. मागे रेलून ती सुटायला धडपडू लागली. ऋजुता तिला पलंगावर ठेवून परत गेली, ओलाच पट लावून आली, आणि जाई तिच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. कुणीतरी आलं होतं आणि आईने सोडवलं, असं.

त्यानंतर जाईने तिला पटाशिवाय पाहू नये याची ऋजुताने काळजी घेतली. निषादसमोरही ती तो काढेनाशी झाली. त्याने त्याबद्दल कधी विचारलं नाही.

जाईचा पहिला वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. ऋजुताने थोडं काम घरी आणायला सुरुवात केली होती. बैठ्या टेबलावर छोट्या शेगडीवर मेण वितळत ठेवलं होतं, आणि ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटातून दातांचा संच काढत होती. जाई सतरंजीवर होती. ऋजुता वळली तेव्हा जाई टेबलाला धरून उभी होती आणि तिचा उजवा हात मेणाच्या भांड्यावर होता.

हात टेकला नव्हता. त्या वयात मूल नवीन वस्तूपाशी थांबतं आणि आईच्या तोंडाकडे बघतं. हे चांगलं की वाईट, पुढे जाऊ की नको, ते आईच्या चेहऱ्यावरून ठरवतं. जाईने बरोबर तेच केलं. तिने वळून ऋजुताकडे पाहिलं. नवीन गंमत सापडली म्हणून ती हसत होती.

ऋजुता "नको" म्हणून ओरडली. पण ओठांशिवाय बोललेला तिचा शब्द नेहमीच घोगरा आणि सैल असे, आणि गेले सात महिने जाईने त्या आवाजावर नाही, चेहऱ्यावर विश्वास ठेवला होता. कॅमेऱ्याला हसणारं बाळ दिसलं. पट हसला, भुवया उंचावल्या, गाल वर गेले. कर, कर, असं म्हणणारा चेहरा.

जाईने हात भांड्यात घातला.

तळवा आणि तीन बोटं भाजली. जाई किंचाळली तेव्हा पटावर लगेच वेदना उमटली, कपाळावर दोन नाजूक आठ्या, पाणावल्यासारखे डोळे. निषाद रुग्णालयाच्या दारातच भेटला, आणि लिफ्टमधल्या आरशात ऋजुताला तो चेहरा दिसला. इतकी सुंदर काळजी तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर कधी आली नसती. तिथेच, लिफ्टमध्ये, तिने तो कानापासून सोलून काढला आणि जाईने तिच्या कडेवरून निषादकडे झेप घेतली.

कंपनीच्या माणसाने त्या दिवसाची नोंद पाठवली. आईचा हुकूम, भीती, शून्य पूर्णांक नऊ सेकंदांनी आला. तोवर अंदाज, आनंद, दाखवून झाला होता. भीती आली तेव्हा तिला वीसच टक्के जागा होती. सगळं ठरवून दिलेल्या मर्यादेत होतं, असं त्याने नम्रपणे लिहिलं होतं. डॉ. मुजावरांनी ती नोंद वाचली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. मी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

ऋजुताने पट पुन्हा लावला नाही. तिने तो त्याच्या डबीत घालून डबी फळीवर ठेवली. पुढे काय होईल ते डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, तरी ते होताना बघणं वेगळं होतं. जाईसाठी आई मेली होती आणि घरात एक परकी बाई राहायला आली होती. जाई तिच्या हातून खात नसे. दारामागे, पलंगाखाली, न्हाणीघरात ती कुणाला तरी शोधत फिरायची. बांधलेला हात वर धरून, एका हाताने सरपटत. आधी रडायची. आठवडाभराने रडणं थांबलं आणि ती एका जागी बसून राहू लागली. डॉक्टर म्हणाल्या, रडणं बरं होतं.

निषादने महिनाभर रजा काढली. तो जाईला भरवायचा, झोपवायचा. ऋजुताशी तो कमी बोलू लागला. तिने पट परत लावावा असं त्याने दोनदा सुचवलं, अंदाज शून्यावर ठेवून, दिवसातून थोडाच वेळ. ती नाही म्हणाली.

एका सकाळी जाई फळीखाली उभी राहिली, डबीकडे बोट केलं आणि म्हणाली, "आई." तिचा पहिला शब्द. निषाद आणि ऋजुता दोघंही तिथेच होते. जाईने तो पुन्हा म्हटला, मग पुन्हा.

त्यानंतर चार दिवसांनी ऋजुता डोळे तपासून घ्यायला गेली होती. पापण्या मिटत नसल्यामुळे तिचे डोळे कोरडे पडायचे. परत आली तेव्हा आतून जाईचं हसणं ऐकू आलं. ती दारात थांबली. निषाद सतरंजीवर बसला होता आणि त्याच्या खांद्यांवर ऋजुताचा चेहरा होता. त्याच्या रुंद जबड्यावर तो थोडा ताणला गेला होता, पण हसत होता, लग्नाच्या व्हिडिओत ती हसली होती तसाच. जाई त्याच्या मांडीवर उभी राहून दोन्ही हातांनी त्याचे गाल थोपटत होती. "आई, आई."

निषादने तिला पाहिलं. पट हसतच राहिला, कारण जाई हसत होती.

"काढ," ऋजुता म्हणाली.

त्याने पट काढला. जाई क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग जमिनीवर पालथी पडून ओरडू लागली.

"किती दिवसांनी हसली ती," निषाद म्हणाला. तो रडत होता. "आणि फक्त तिच्यासाठी नव्हतं. मी आरशात बघत होतो. मलाही तो हवा होता."

ऋजुताने त्याच्या हातातून पट घेतला. ती कामाच्या टेबलापाशी गेली आणि मेणाचे पत्रे कापायच्या कात्रीने तिने त्याचे तुकडे केले. आधी तोंड, मग डोळ्यांच्या कडा. धागे कात्रीत अडकत होते. निषादने तिला थांबवलं नाही. तो बाहेर जाऊन जिन्यात बसला.

मग तिने जाईला उचललं. जाईने अंग ताठ केलं, लाथा मारल्या, आणि पट्टी नसलेल्या हाताने तिच्या तोंडावर फटके मारले. एकामागून एक, जोर लावून. तो चेहरा दुखावला जात नव्हता, चिडत नव्हता, म्हणून जाई अजून जोरात मारत होती. ऋजुता प्रत्येक फटक्याला मोठ्याने म्हणत राहिली, "दुखलं. आईला दुखलं." तिच्या 'ख'ला घशाची घरघर होती. पाऊण तासाने जाई थकली आणि तिच्याच खांद्यावर झोपली, कारण दुसरा खांदा नव्हता.

त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. जाई दीड वर्षाची झाली तेव्हा ती ऋजुताच्या हातून खायला लागली. डॉ. मुजावरांनी शिकवलं तसं ऋजुता प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायची आणि हाताने सांगायची. राग आला की जाईचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायची, तिथली घरघर कळावी म्हणून. आनंद झाला की तिच्या पाठीवर बोटं नाचवायची. जाई ऐकायची, पण तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर फार कमी उमटायचं. पाळणाघराच्या बाईंना ती मुलगी हुशार वाटे, आणि जरा म्हातारी. बोटांवरचे वण मऊ झाले, करंगळी मात्र वाकडीच राहिली.

निषाद घरात होता. जाईवर त्याचा जीव होता. ऋजुताशी बोलताना तो खिडकीकडे बघायचा. पुढे त्याने सांगलीलाच खोली घेतली, कामाच्या सोयीसाठी म्हणून. शनिवारी-रविवारी येत असे.

सव्वादोन वर्षांच्या आसपास मुलांना लाज कळायला लागते, अभिमान कळायला लागतो. हे भाव दुसऱ्याच्या डोळ्यांत स्वतःला पाहिल्याशिवाय येत नाहीत. इतर मुलं दूध सांडलं की आईच्या तोंडाकडे एक नजर टाकतात आणि पळतात. जाई पळत नसे. तिला नजर टाकून काही कळत नसे. ती जवळ यायची आणि विचारायची, "आई, राग आला?" ऋजुता खरं ते सांगायची. आला. थोडा आला. नाही आला. जाई ते ऐकून घ्यायची आणि त्याप्रमाणे वागायची. घरात आलेल्या पाहुण्यांना याची गंमत वाटायची. ऋजुताला वाटायची नाही. एवढ्याशा पोरीला प्रत्येक वेळी दार वाजवून आत यावं लागत होतं.

निषादने उरलेले कपडे नेले त्या रविवारी दुपारी ऋजुता टेबलापाशी हातात काही न घेता बसली होती. जाई खाली बसून प्लास्टरचे जबडे एका रांगेत मांडत होती. वरचे एकीकडे, खालचे एकीकडे. मांडून झाल्यावर तिने रांगेकडे पाहिलं, मग आईकडे. आईच्या तोंडावर नेहमीसारखं काहीच नव्हतं.

"आई, तू हसतेस?"

हो म्हणणं सोपं होतं. तो चेहरा काहीच उघड करणार नव्हता. जाईने विश्वास ठेवला असता.

"नाही," ऋजुता म्हणाली. "आत्ता नाही."

जाईने मान हलवली. तिने एक जबडा सरळ केला, दुसरा जरा मागे घेतला, आणि थोडा वेळ गेल्यावर वर न बघता विचारलं, "आता?"